सरकारी संस्थेच्या कामाला जाणाऱ्या बाहेरच्या संशोधकांचा प्रवासखर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, परभणी, लातूर, बीड, हिंगोली, कुठून ना कुठून आठवड्याला दोन-तीन मेसेज येतातच, "ताई, टीए (प्रवास भत्ता) बिल परत आलं, आता काय करू". कोणी प्रोजेक्टवरची जेआरएफ, म्हणजे फेलोशिपवर काम करणारी संशोधक असते, कोणी कॉलेजवरचे सर ज्यांना समितीवर घेतलंय, कोणी रिटायर प्राध्यापक, कोणी फील्डला जाणारा एमएस्सीचा पोरगा. सगळ्यांची अडचण एकच, काम सरकारी संस्थेचं पण आपण तिथले कर्मचारी नाही, त्यामुळं नियम कोणी समजून सांगत नाही आणि खर्च मात्र आधी आपल्याच खिशातून जातो. मी भूजलाच्या प्रोजेक्टवर बरीच वर्षं फील्ड केलंय, नंतर लोकांची बिलं भरायला मदत करत गेले, त्यातून जे प्रश्न परत परत येतात ते इथं एकत्र लिहिलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडं दिलेलं असेल तर तिकडचा नंबर दिलाय, तो बघा.

१. मी नोकरीला नाही तिथं, मग मला टीए मिळतो का?

मिळतो, पण आपोआप मिळत नाही. कर्मचाऱ्याला दौऱ्यावर पाठवलं की नियम त्याला लागूच असतात. आपल्याला ते लागू होतात कोणीतरी कागदावर लिहिलं तरच. तो कागद म्हणजे समितीचा आदेश, मीटिंगचं बोलावणं, प्रोजेक्टचं मंजुरीपत्र नाहीतर फील्डला जायची परवानगी. कागद असेल तर टीए हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही, त्यामुळं मागायला लाजू नका. आपल्याकडची पोरं "जाऊ द्या चारशे रुपये" म्हणून सोडून देतात आणि वर्षभरात पाच-सहा हजार घरचे घालून बसतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

२. नेमका कुठला नियम लागतो? केंद्राचा, राज्याचा का विद्यापीठाचा?

पैसे ज्याच्या खात्यातून निघणार त्याचा नियम, एवढं धरून चाला. केंद्राच्या खात्याची समिती असेल तर अशासकीय सदस्यांसाठी पूरक नियम १९० आहे आणि दर बघायचे ते वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या १३ जुलै २०१७ च्या आदेशात, तो १ जुलै २०१७ पासून लागू आहे. राज्य सरकारची समिती असेल तर मुंबई नागरी सेवा नियम १९५९ चं परिशिष्ट ४२-अ, शासन निर्णयात बहुतेक वेळा त्याचाच उल्लेख असतो. स्वायत्त संस्था आपापले नियम करतात पण जास्त करून केंद्राच्याच दरानं चालतात.

घोळ होतो तो प्रोजेक्टमधे. पैसा दिल्लीचा, खातं विद्यापीठाचं, काम तिसऱ्याच जिल्ह्यात. अशा वेळी आधी मंजुरीपत्रातल्या अटी वाचायच्या, तिथं काही लिहिलं नसेल तर ज्या संस्थेत प्रोजेक्ट आहे तिचे नियम चालतात. खाली मी जे आकडे दिलेत ते केंद्राचे आहेत, राज्याचे दर वेगळे असतात.

३. निघायच्या आधी हातात काय काय पाहिजे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो, कारण लोकांना तो जाऊन आल्यावर सुचतो.

पत्र पाहिजे, आणि पत्रावरची तारीख प्रवासाच्या आधीची पाहिजे. त्यात पाच गोष्टी बघा: तुमचं नाव बँकेत आहे तसंच, कुठून कुठं जायचं, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कुठल्या वर्गानं प्रवास, आणि खर्च कुठल्या हेडमधून, म्हणजे बजेटच्या कुठल्या सदरातून. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक पत्रांत नसतात. "नियमानुसार टीए/डीए देय राहील" एवढंच असतं आणि मग बिल लावताना क्लार्क विचारतो कुठला नियम, पगाराची कुठली लेव्हल. म्हणून पत्र आलं की त्याच दिवशी उलट ईमेल टाका, साध्या भाषेत, "मी अमुक गावाहून अमुक वर्गानं येणार आहे, हे चालेल का कळवावं". "हो" असं एका ओळीचं उत्तर आलं तरी ते प्रिंट काढून बिलाला जोडता येतं.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टात मला फोनवर सांगितलं होतं, "तुम्ही जाऊन या, ऑर्डर नंतर काढू". मी सलग नऊ दिवस फील्ड केलं, विहिरींची पातळी मोजली, नमुने आणले. ऑर्डर निघाली ती परत आल्यावर चार दिवसांनी आणि तिच्यावर तारीखही त्याच दिवसाची. ऑडिटनं सगळं बिल नामंजूर केलं. त्या महिन्यात खोलीचं भाडं भावाकडून घ्यावं लागलं. काम झालेलं सगळ्यांना माहीत होतं, डेटा त्यांनी वापरलाही, पण कागद मागाहूनचा होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की फोनवरच्या "या" वर निघायचं नाही. साहेब कितीही चांगले असू द्या, बदली झाली की त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर जातो.

४. ट्रेनचा कुठला वर्ग मिळतो?

२०१७ च्या आदेशात पगाराच्या लेव्हलप्रमाणं आहे. लेव्हल १४ आणि वर बिझनेस क्लास विमान किंवा फर्स्ट एसी, १२ आणि १३ ला इकॉनॉमी विमान किंवा फर्स्ट एसी, ६ ते ११ ला इकॉनॉमी विमान किंवा सेकंड एसी, ५ आणि खाली थर्ड एसी, फर्स्ट क्लास किंवा एसी चेअर कार. आपल्याला लेव्हलच नसते, म्हणून पुढचा प्रश्न वाचा.

५. मला पगार नाही, फेलोशिप आहे. माझी लेव्हल कुठली धरायची?

स्वतः धरायचीच नाही. जेआरएफची फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० आहे आणि लेव्हल ६ चा मूळ पगार सुरू होतो ३५,४०० पासून, त्यामुळं बरेच जण म्हणतात आपण सहाच्या वर, म्हणजे सेकंड एसी. तसं नसतं. फेलोशिप म्हणजे मूळ पगार नाही, ते दोन आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. कोणाला कुठल्या लेव्हलच्या बरोबरीनं धरायचं हे संस्था ठरवते, काही ठिकाणी त्याचं लेखी परिपत्रक असतं, काही ठिकाणी दरवेळी नोट, म्हणजे कार्यालयीन टिपणी टाकून मंजुरी घ्यावी लागते. तुमच्या प्रोजेक्टच्या मुख्य सरांना किंवा मॅडमना सांगा की वर्षाच्या सुरुवातीलाच एक नोट मंजूर करून ठेवा, म्हणजे प्रत्येक बिलाला तोच वाद होत नाही.

रिटायर झालेल्यांचं सोपं आहे, साधारणपणे शेवटच्या पगाराच्या लेव्हलप्रमाणं धरतात, त्यांनी पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स जोडावी.

६. डीए म्हणजे महागाई भत्ता का? मला सांगितलं डीए मिळणार नाही.

दोन वेगळे डीए आहेत आणि या एका शब्दामुळं लई गोंधळ होतो. महागाई भत्ता पगाराबरोबर असतो, तो आपल्याला नसतो. दौऱ्यातला डीए म्हणजे दैनिक भत्ता, राहणं, जेवण आणि तिथल्या गावातलं फिरणं यासाठी, तो पत्रात लिहिला असेल तर मिळतो.

२०१७ चे मूळ दर असे: लेव्हल ९ ते ११ ला हॉटेल रोज २,२५० पर्यंत, शहरातल्या फिरण्याला ३३८ पर्यंत, जेवणाचे ९००. लेव्हल ६ ते ८ ला ७५०, २२५ आणि ८००. लेव्हल ५ आणि खाली ४५०, ११३ आणि ५००. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढावेत असं त्याच आदेशात आहे, आणि महागाई भत्ता १ जानेवारी २०२४ ला ५० टक्के झाला. म्हणून बिल करायच्या दिवशी चालू दर कुठला ते अकाउंटला विचारून घ्या, जुन्या फॉर्मवर जुनेच आकडे छापलेले असतात.

जेवणाच्या पैशाला हॉटेलची बिलं लागत नाहीत, तो एकरकमी असतो आणि किती तास बाहेर होता त्यावर ठरतो. सहा तासांच्या आत ३० टक्के, सहा ते बारा तास ७० टक्के, बाराच्या वर पूर्ण, आणि दिवस मोजायचा रात्री बारा ते रात्री बारा. समजा नांदेडहून रात्री ८ ला निघालात, दुसरा दिवस मुंबईत मीटिंग, रात्री परतीची गाडी, तिसऱ्या दिवशी सकाळी ९ ला घरी. पहिल्या दिवशी चार तास म्हणजे ३० टक्के, दुसरा दिवस पूर्ण, तिसऱ्या दिवशी नऊ तास म्हणजे ७० टक्के. ८०० च्या दरानं २४० अधिक ८०० अधिक ५६०, एकूण १,६००. बरेच जण फक्त मीटिंगच्या दिवसाचा एकच डीए लावतात आणि आठशे रुपये सोडून देतात.

७. मावशीकडं राहिले, हॉटेलचे पैसे लावता येतील का?

नाही, खर्चच झाला नाही तर लावायचा नाही. जेवणाचा आणि फिरण्याचा भाग मात्र लावता येतो. गेस्ट हाऊसला फुकट राहायला आणि जेवायला दिलं असेल तर तेही बिलात स्पष्ट लिहा, लपवलं आणि नंतर निघालं तर सगळं बिल संशयात येतं. हॉटेलला राहिलात तर लेव्हल ८ पर्यंत मर्यादेतला खर्च स्वतःच्या सहीच्या दाखल्यावर देता येतो, राहण्याच्या तारखा आणि ठिकाणाचं नाव लिहून. तरी पण बिल मिळत असेल तर घ्याच, बाहेरच्या माणसाकडं अकाउंटवाले जास्त बारकाईनं बघतात.

८. एसटीचं तिकीट कोरं झालं, अक्षरच दिसत नाहीत. आता?

मशीनचं तिकीट उन्हानं, घामानं, पाकिटात घासून महिनाभरात पांढरं पडतं. आपल्याकडं एप्रिल-मे मधे तर आठवड्यातच. बसमधून उतरायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायचा, घरी आल्यावर झेरॉक्स मारायची आणि मूळ तिकीट त्या झेरॉक्सला पिन करायचं. ही एक सवय लावली तरी अर्धी कटकट कमी होते. तिकीट गेलंच असेल तर तारीख, मार्ग, बसचा प्रकार आणि भाडं लिहून सही करून द्या, डेपोतून त्या मार्गाचं भाडं विचारून घ्या, आणि जिथं गेला होतात तिथला हजेरीचा दाखला जोडा. मंजूर करणं साहेबांच्या हातात असतं पण साध्या बसचं भाडं सहसा कोणी अडवत नाही.

९. मला एसटीत अर्धं तिकीट लागतं, मग बिलात पूर्ण भाडं लावू का?

जेवढं दिलं तेवढंच. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. टीए हा झालेल्या खर्चाची भरपाई आहे त्यामुळं सवलतीचं तिकीट असेल तर सवलतीचीच रक्कम. ज्येष्ठ सर लोकांचं शून्य रुपयांचं तिकीटही जपून ठेवा, पैसे नाही मिळाले तरी प्रवास झाल्याचा तोच पुरावा आहे आणि जेवणाचा भत्ता त्यावरच ठरतो.

१०. काळीपिवळीनं गेलो, पावती कोण देणार?

कोणी देत नाही आणि खेड्यात जायला दुसरं साधनही नसतं. अशा वेळी स्वतःच्या सहीचा दाखला चालतो. शहरातल्या फिरण्याच्या खर्चाला लेव्हल ११ पर्यंत मर्यादेत पावती लागत नाही असं आदेशातच आहे, फक्त तारीख आणि गाडीचा नंबर लिहायचा असतो. तोच नमुना फील्डलाही वापरा. वहीत रोज लिहा, अमुक तारीख, परांड्याहून अमुक गाव, जीप नंबर अमुक, चाळीस रुपये. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलेलं लगेच ओळखू येतं, सगळे आकडे गोल असतात.

११. स्वतःच्या गाडीवर गेलो तर पेट्रोलची बिलं लावायची का?

पेट्रोलची बिलं चालत नाहीत, किलोमीटरवर हिशोब होतो. राज्याच्या परिवहन खात्यानं दर ठरवलेला नसेल तिथं केंद्राचा २०१७ चा मूळ दर स्वतःच्या कारला किंवा टॅक्सीला २४ रुपये किलोमीटर आणि ऑटो किंवा स्वतःच्या स्कूटरला १२ रुपये. पण आधी परवानगी पाहिजे, आणि जिथं रेल्वे आहे तिथं प्रश्न १२ मधली मर्यादा लागते. निघताना आणि पोचल्यावर मीटरचा फोटो काढा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर ते आधीच सांगा, आरसी बुकची झेरॉक्स बहुतेक ठिकाणी मागतात.

१२. ट्रेन होती पण मी ट्रॅव्हल्सनं गेले, पैसे मिळतील का?

दोन ठिकाणं रेल्वेनं जोडलेली असतील तरी सार्वजनिक वाहनानं रस्त्यानं जाता येतं, पण भाडं तुमच्या हक्काच्या वर्गाच्या रेल्वे भाड्यापेक्षा जास्त मिळत नाही. रेल्वेनं जोडलेली नसतील तर सेकंड एसीच्या हक्कदाराला एसी बस चालते, बाकीच्यांना डिलक्स किंवा साधी.

आपल्या भागात हा नियम नीट वापरायला पाहिजे कारण दिल्लीत बसलेल्याला वाटतं सगळीकडं रेल्वे आहे. भोकरदन, केज, परांडा इथं स्टेशनच नाही. बीड शहराला तर रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरकडून, त्यामुळं बीडहून नांदेडला जाणाऱ्याला त्या गाडीचा काही उपयोग नाही. बिलाच्या शेऱ्यात एक ओळ लिहून टाका, "सदर ठिकाणं थेट रेल्वेनं जोडलेली नाहीत". ती ओळ नसली की क्लार्क जवळच्या स्टेशनचं भाडं शोधत बसतो आणि बिल महिनाभर पडून राहतं.

१३. विमानानं बोलावलंय. तिकीट कुठूनही काढू का?

अजिबात नाही, इथं सगळ्यात मोठं नुकसान होतं. सरकारी खर्चाच्या विमान तिकिटासाठी तीनच अधिकृत एजंट आहेत, बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी. स्वस्तात मिळालं म्हणून मोबाईलच्या दुसऱ्या ॲपवरून काढलेलं तिकीट नामंजूर होऊ शकतं, दोन हजार वाचवायला गेलेल्याचे नऊ हजार गेलेले मी बघितलेत. जून २०२२ च्या सूचनेप्रमाणं तिकीट शक्यतो २१ दिवस आधी काढायचं, विमान सुटण्याच्या वेळेचे तीन-तीन तासांचे टप्पे ठरलेत, आपल्या टप्प्यातलं सगळ्यात स्वस्त घ्यायचं, आणि ७२ तासांच्या आत काढत असाल तर कारण लिहून द्यायचं. ज्यांनी बोलावलंय त्यांनाच तिकीट काढायला सांगा, हे मी सगळ्यांना सांगते, तुमचे पैसेही अडकत नाहीत. बोर्डिंग पास दोन्ही बाजूंचे जपा.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून सोयीचं विमान नसेल आणि पुण्याहून किंवा हैदराबादहून जायचं असेल तर तेही आधी लिहून घ्या, कारण तिथपर्यंतचा रस्त्याचा खर्च वेगळा लागतो.

१४. तात्काळचे जादा पैसे मिळतात का? आणि वंदे भारत?

दौऱ्यावर प्रीमियम तात्काळचे पैसे मिळतात, राजधानी, शताब्दी, दुरांतोचं वाढीव भाडंही मिळतं. एक अपवाद लक्षात ठेवा: विमानाचा हक्क नसताना विमानानं गेलात आणि ट्रेनचं भाडं मागितलं तर त्यात वाढीव भाग धरत नाहीत, साधंच भाडं मिळतं. वंदे भारत जालन्याहून मुंबईला डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, पुढं नांदेडपर्यंत वाढली, आता बरेच जण तिनंच जायलेत, पण चेअर कार चालेल का एक्झिक्युटिव्ह हे प्रश्न ३ मधल्या ईमेलमधेच विचारून ठेवा.

१५. मीटिंग आदल्या दिवशी रद्द झाली, तिकिटाचे पैसे कापले गेले.

त्यांनी रद्द केली असेल तर कापलेली रक्कम मिळते, रद्द झाल्याचा मेसेज किंवा ईमेल आणि रिफंडची पावती जोडा. तुम्ही तुमच्या कारणानं रद्द केलं तर सहसा नाही. घरात आजारपण, पुरामुळं रस्ता बंद अशा वेळी कारण लिहून विनंती करता येते, मंजूर झालेलंही मी बघितलंय.

१६. मी मूळची उदगीरची, पण त्या दिवशी पुण्यात होते. पुण्याहून गेले तर?

जायचं ठिकाण आणि तुमचा नोंदलेला पत्ता यातलं भाडं आणि खरं झालेलं भाडं, यात जे कमी ते मिळतं. तसंच काम संपल्यावर दोन दिवस लग्नाला थांबलात तर त्या दोन दिवसांचा डीए नाही, पण परतीचं भाडं जात नाही, आधी सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

१७. एकाच फेरीत दोन संस्थांचं काम केलं, दोघांकडं बिल लावू का?

एकच तिकीट दोन ठिकाणी लावायचं नाही. बिलावर तुम्ही सही करता त्यात "हा खर्च दुसरीकडून घेतलेला नाही" असं वाक्य असतं, ते नीट वाचा. सरळ मार्ग म्हणजे जाण्याचं एकाकडं, येण्याचं दुसऱ्याकडं, आणि दोघांनाही तसं कळवायचं. दिवस वाटून घ्या, ज्या दिवशी ज्याचं काम त्या दिवशीचा डीए त्याच्याकडं.

१८. मला वर्षभर त्याच त्या गावांना जावं लागतं, दरवेळी परवानगी घ्यायची का?

भूजलाचं काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची असते, पावसाळ्याआधी आणि नंतर तर चुकवूनच चालत नाही. तहसीलमधे टँकर कुठं लागणार याचा अंदाज ज्या आकड्यांवर बांधतात ते आकडे आणणाऱ्या पोरांचे बसचे पैसे थकलेले असतात, ह्याचा मला अजूनही राग येतो.

तर उपाय असा की वर्षाच्या सुरुवातीला दौऱ्याचा आराखडा मंजूर करून घ्या. गावांची यादी, महिने, अंदाजे दिवस, कोण जाणार, कुठलं वाहन. पाऊस लांबला तर "तारखा पुढं-मागं होऊ शकतात" हे वाक्य त्यातच घाला. मग दरवेळी फक्त निघताना एक ईमेल आणि आल्यावर बिल. प्रत्येक गावात ग्रामपंचायतीतून भेट दिल्याचा शिक्का घेतलात तर उत्तम. नमुन्याच्या नोंदवहीतल्या तारखा आणि बिलातल्या तारखा जुळल्याच पाहिजेत, ऑडिटवाले दोन्ही शेजारी ठेवून बघतात.

फेलोशिपच्या कंटिन्जन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून प्रवास करायचा का प्रवासाच्या हेडमधून, हेही आराखड्यातच लिहा. एक हेड संपलं म्हणून दुसऱ्यात परस्पर टाकता येत नाही.

१९. मी त्याच शहरात राहते, मग काहीच नाही का?

गावातल्या गावात, म्हणजे ८ किलोमीटरच्या आत, दैनिक भत्ता नसतो. येण्याजाण्याचा रिक्षाचा खर्च मात्र बहुतेक समित्या देतात. मागा.

२०. आधी ॲडव्हान्स मिळतो का?

बाहेरच्या माणसाला सहसा देत नाहीत, कारण हिशोब नाही आला तर वसूल कुठून करणार. प्रोजेक्टमधे मुख्य सरांच्या नावानं ॲडव्हान्स काढून फील्ड टीमला देता येतो, लांबच्या फील्डला हे करायला त्यांना जरूर सांगा. तिकीट आणि राहणं संस्थेनं परस्पर काढून दिलं तरी निम्मा भार कमी होतो.

२१. किती दिवसांत बिल द्यायचं? माझे चार महिने झाले.

प्रवास संपल्यापासून ६० दिवस. पूर्वी एक वर्ष होतं, मार्च २०१८ पासून ६० दिवस झालं, आणि जुने लोक अजूनही "वर्षभर चालतं" असं सांगतात. उशीर झाला तर कारण लिहून मंजुरी मागता येते पण मिळेलच असं नाही. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच द्या, आणि देताना आवक नंबर घ्या. नुसतं टेबलावर ठेवून यायचं नाही. मार्चमधला प्रवास असेल तर आणखी घाई करा, आर्थिक वर्ष संपलं की हेडमधला पैसा परत जातो आणि पुढच्या हप्त्याची वाट बघावी लागते.

२२. बिल पास झालं म्हणतात पण खात्यावर पैसे नाहीत.

केंद्राचे पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीमधून येतात आणि तिथं तुमचं नाव, खातं, आयएफएससी म्हणजे बँक शाखेचा कोड नोंदवलेला लागतो. आपल्याकडं अडतं ते आयएफएससीवर. मराठवाड्यात निम्म्या घरांत स्टेट बँक ऑफ हैदराबादचं पासबुक असायचं, ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली आणि जुने कोड गेले, तरी वडिलांबरोबरच्या जुन्या खात्याचं पासबुक जोडणारे अजून भेटतात. ग्रामीण बँकांचंही १ मे २०२५ ला विलीनीकरण झालंय. बँकेत जाऊन आजचा कोड लिहून घ्या आणि नवा कॅन्सल चेक जोडा. नाव आधार, पॅन आणि बँकेत एकसारखं नसेल, लग्नाआधीचं-नंतरचं असेल, तरी अडतं.

२३. पत्रात छत्रपती संभाजीनगर, तिकिटावर औरंगाबाद. क्लार्क म्हणतात जुळत नाही.

जुळतं. नाव २०२३ मधे बदललं, उस्मानाबादचं धाराशिव झालं तेही तेव्हाच, आणि तिकिटांवर, नकाशात, जुन्या सॉफ्टवेअरमधे बदल व्हायला वेळ लागला. शेऱ्यात "औरंगाबाद म्हणजेच छत्रपती संभाजीनगर" असं लिहा आणि सही करा, झालं.

२४. मानधन पण मिळालं, त्यातून टॅक्स कापला. टीएवर पण कापतात का?

मानधन हे उत्पन्न आहे, त्यावर टीडीएस नियमाप्रमाणं लागतो, पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात. प्रवासाची भरपाई हे उत्पन्न नाही. म्हणून मानधन आणि टीए वेगवेगळ्या फॉर्मवर द्या, एकाच आकड्यात मिसळलं की सगळ्यावर कापलं जातं आणि रिटर्न भरून परत मागत बसावं लागतं.

२५. सगळं नीट दिलं तरी सहा महिने उत्तरच नाही. आता कुणाकडं जायचं?

आधी आवक नंबर टाकून लेखी आठवण द्या, मग पंधरा दिवसांनी वरच्या अधिकाऱ्याला. बिल कापलं असेल तर कुठल्या नियमानं कापलं ते लेखी मागा, बऱ्याचदा हे विचारल्यावरच कापलेलं परत मिळतं. तरी हललं नाही तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात तक्रार लिहायची नाही, फक्त विचारायचं की अमुक आवक नंबरचं बिल आज कुठल्या टेबलावर आहे आणि तिथं किती तारखेला आलं. केंद्राच्या खात्यासाठी सीपीग्राम्स आणि राज्यासाठी आपले सरकार हे तक्रारीचे पोर्टल आहेत. पुढचं काम मिळणार नाही या भीतीनं लोक गप्प बसतात, मला ती भीती कळते, म्हणून भाषा नम्र ठेवा आणि सगळे मिळून एकच पत्र द्या. आमच्या टीममधल्या सात जणांची अडकलेली बिलं अशा एका पत्रानं तीन आठवड्यांत निघाली होती.